तिसरा कप

ओको सदतीस वर्षं बांधातल्या दारांचा राखणदार.
ओहोटी लागली की दारं उघडायची,
भरती चढली की मिटायची.
आमची जमीन समुद्राहून खाली;
पावसाचं, चरांचं, गायींच्या कुरणांतलं पाणी
रोज दोनदा बाहेर घालवावं लागतं.
त्यानं घालवलं.
स्वतः मात्र घोटभर प्यायला नाही.
पाणी, म्हणायचा, बुटात शिरण्यासाठी असतं.

प्यायचा तो चहा.

आमच्याकडे चहाची रीत आहे.
आधी कपात खडीसाखरेचा खडा,
वरून काळा, कढत चहा,
आणि खडा तडकतो,
जानेवारीत चरावरचा बर्फ तडकतो
तितक्याच हळू.
मग काठाकाठानं साय सोडायची.
ती बुडते, आणि ढग होऊन वर येते.
ढवळायचं नाही. ढवळणारा परगावचा.
तीन कप हा हक्क,
दोनावर उठलात तर घरधनिणीचा अपमान.
पुरे झालं हे तोंडानं सांगायचं नाही,
चमचा कपात ठेवायचा.

सकाळी तीन, अकराला तीन, दुपारी तीन.
रात्री दारं मिटून आल्यावरचे
मी कधी मोजले नाहीत.
त्याचा चमचा बशीतच असायचा, कोरडा.

नोव्हेंबरात, पहाटे दोनला,
वादळात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलेला हा माणूस
न्हाणीच्या फरशीवर कपाळ टेकून होता.
म्हणाला, थेडा,
दार अडकलंय.

एम्डनच्या इस्पितळात डॉक्टर वीबके,
माझ्या भाचीच्या वर्गातली, नाकात शेंबूड असतानापासून पाहिलेली.
पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, हा बघा.
मसुरीएवढा. काटेरी.
पाणी किती पिता?
चहात असतं की, ओको म्हणाला.
ती हसली नाही.
एकट्या चहाला दोष नको, म्हणाली,
पण कडक काळ्या चहात असतं काहीतरी,
पाणी कमी पडलं की खडा धरतं.
पाणी वाढवा. कप कमी करा.
आणि सायीऐवजी दूध घाला चांगलं,
दूध त्याला पोटातच बांधून ठेवतं.

दूध!
पाद्र्यानं धर्म बदलायला सांगावा
असा ओकोचा चेहरा.
घरी येईपर्यंत तिच्या नावानं खडे फोडत होता.
मी म्हटलं, फोड,
आतलाही एखादा फुटेल.

गाळून बघा, असं तिनं सांगितलं होतं.
मी जुनी चहाची गाळणी दिली,
दुसरं होतं काय घरात?
नऊ दिवस तो गाळणी घेऊन आत जायचा
आणि रिकामी घेऊन यायचा,
मासे न लागलेल्या माणसासारखा.
नवव्या रात्री टिंग वाजलं.
आम्ही दोघं दिव्याखाली वाकून बघत बसलो.
तपकिरी. इतका लहान
की मला त्याचा रागही येईना.
शेजारचा त्यार्क म्हणाला, रंग तर चहाचाच!
ओको त्याच्याशी चार दिवस बोलला नाही.

आता खडा मोहरीच्या बाटलीत आहे,
खिडकीत, खडीसाखरेच्या डब्याशेजारी.
चष्मा नसला की माझा हात चाचरतो.

काल दुपारी मी नेहमीसारखा चहा ओतला.
खडा तडकला. ढग वर आला.
दुसरा कप झाला,
मी किटली उचलली, न बघता,
चव्वेचाळीस वर्षांचा हात तो, त्याला बघावं लागत नाही,
आणि थांबले.
चमचा कपात होता.

तो खिडकीबाहेर बघत होता, जणू चमचा
दुसऱ्याच कुणी ठेवला.
मग उठला, नळाखाली पेला धरला,
आणि उभ्याउभ्या प्यायला,
डोळे मिटून, औषध प्यावं तसा.

त्याच्या कपाच्या तळाशी
अर्धी खडीसाखर राहिली होती.
तिसऱ्या कपाची.
तो दारांकडे फिरायला गेल्यावर
मी ती तोंडात टाकली
आणि विरघळेपर्यंत
बसून राहिले.